नवजात शिशूंचा जंतुसंसर्ग : दुसरी रक्ततपासणी कशासाठी?



नवजात शिशू कक्षाबाहेर एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो : "काल बाळाचे रक्त तपासले, रिपोर्ट चांगला आला, मग आज पुन्हा सुई कशाला?" हा प्रश्न रास्त असल्याने त्याचे उत्तर येथे देत आहोत.

नवजात बाळास संसर्ग झाल्यावर ताप येतोच असे नाही. पुष्कळदा अंग गार पडते, बाळ दूध ओढेनासे होते, मलूल होते, श्वास जलद चालतो. अशा लक्षणांवरून गावातच आजार ओळखून उपचार करण्याचे शिक्षण डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत आरोग्यदूतांना दिले. ३९ गावांतील या घरपोच सेवेमुळे, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने, नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट' नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

लक्षणांना रक्ततपासणीची जोड मिळते. जंतूंची खात्री ब्लड कल्चरने होते. परंतु त्यास दोन-तीन दिवस लागतात. तोवर थांबणे धोक्याचे, म्हणून प्रतिजैविके आधीच सुरू करावी लागतात. 'सीआरपी' हे यकृतात तयार होणारे प्रथिन संसर्गानंतर सुमारे सहा ते बारा तासांनी रक्तात वाढू लागते. त्यामुळे पहिला अहवाल चांगला असला तरी तो निर्वाळा नव्हे. 'प्रोकॅल्सिटोनिन' त्याहून लवकर वाढते. मात्र जन्मानंतरचे पहिले दोन दिवस ते निरोगी बाळातही वाढलेले आढळते. म्हणून बाळाचे वय तासांत मोजूनच आकड्याचा अर्थ लावावा लागतो.

चोवीस तासांच्या अंतराने केलेल्या दोन्ही सीआरपी तपासण्या सर्वसाधारण आल्या, तर संसर्गाची शक्यता फारच कमी उरते. कल्चर निर्दोष व बाळ टवटवीत असल्यास डॉक्टर प्रतिजैविके थांबवू शकतात. दुसऱ्या सुईमुळे अनावश्यक इंजेक्शने, मुक्कामाचा खर्च आणि औषधांना न जुमानणारे जंतू वाढण्याचा धोका टळतो.

पवन मावळ, नाणे मावळ वा अंदर मावळातील आप्तांना आमची कळकळीची विनंती आहे, की पहिल्या अहवालावर विसंबून बाळास घरी नेऊ नये. भर पावसात, रात्री-अपरात्री प्रकृती बिघडल्यास परतीची वाट फार लांबची ठरते.

देणगीदारांस इतकेच विनवितो, की पैशाअभावी एकाही बाळाची दुसरी तपासणी राहू नये, यासाठी आपला हात असाच पाठीशी असावा.