चीवर, शाल आणि सुताचा स्पर्श

आपल्याकडे सत्कार म्हटला की शाल आलीच. शाल खांद्यावर पडते, टाळ्या होतात आणि घडी घालून ती कपाटात जाते. तिचे सूत कोणी कातले, ती कोणी विणली, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. या देशात वस्त्राचा इतिहास हा स्पर्शाचाही इतिहास आहे. म्हणून हा प्रश्न आपण तरी विचारला पाहिजे.

प्रथम सूत म्हणजे काय ते पाहू. इतिहासाच्या तासाला आम्ही कधी कधी विद्यार्थ्यांच्या हाती कापूस आणि टकळी देतो. सरकी काढावी, कापूस पिंजावा, त्याचे पेळू वळावेत आणि पेळूतून तंतू ओढीत त्यांना पीळ द्यावा, एवढीच कृती. परंतु पहिल्या दिवशी कोणाचेही सूत वीतभर पुढे जात नाही. कापसाचा तंतू जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर लांबीचा. पिळामुळे असे असंख्य तंतू एकमेकांना धरून राहतात, तेव्हा सूत होते. पीळ कमी पडला तर ते तुटते, अधिक झाला तर त्याला वेटोळी पडतात. किती पीळ द्यावा हे पुस्तक सांगू शकत नाही. ते बोटांनाच कळते. पुढे उभ्या धाग्यांना खळ द्यायची, ते मागावर ताणायचे आणि धोट्याने आडवा धागा भरायचा. हातभर कापडामागे एवढी विद्या असते.

या विद्येला भगवान बुद्धांच्या संघात मोठे स्थान मिळाले. आरंभी भिक्खू उकिरड्यावर आणि स्मशानात टाकलेल्या चिंध्या धुऊन, शिवून, रंगवून अंगावर घेत. पुढे वैद्य जीवकाने उंची वस्त्र अर्पण करून विनंती केली, तेव्हा तथागतांनी गृहस्थांनी दिलेले चीवर स्वीकारण्यास अनुमती दिली. विनयपिटकात तागाप्रमाणे कापूस, रेशीम आणि लोकर यांचीही चीवरे मान्य आहेत. खांद्यावरून घ्यायचे उत्तरासंग हे तर शालीसारखेच वस्त्र. मगधातील बांध घातलेल्या भातशेतीकडे पाहून तथागतांनी आनंदांना तशी रचना करण्यास सांगितले आणि आनंदांनी तुकडे जोडून चीवराचा नमुना तयार केला. आजही चीवरावर ती शेते दिसतात.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. भिक्खूने चिंधी पांघरली ती स्वेच्छेने, आसक्ती सोडण्यासाठी. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने मात्र चांडाळाला मृतांची वस्त्रे सक्तीने नेमून दिली. आपल्या पूर्वजांच्या वाट्यालाही प्रेतावरचे वस्त्र ‘हक्क’ म्हणून आले. चिंधी तीच, पण एकीकडे ती त्यागाची खूण झाली आणि दुसरीकडे गुलामीची. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी, जात दाखविणारी पद्धत टाकून स्वच्छ राहण्यास सांगितले, ते या इतिहासाचे पूर्ण भान ठेवूनच.

यंत्रयुगात तरी हा भेद संपावयास हवा होता. मुंबईच्या कापडगिरण्यांत साचेखात्याची मजुरी चांगली. परंतु अस्पृश्य कामगारांना त्या खात्याचे दार बंद. कारण काय? धोट्यातील सूत संपले की नव्या कांडीचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि अस्पृश्याच्या ओठांना लागलेला धोटा सवर्ण कामगारांना चालत नसे. विदर्भात जाडेभरडे कापड विणणे हा महार समाजातील अनेक कुटुंबांचा जुना व्यवसाय. तरीही गिरणीत विणकर होण्यास त्यांची जात आड आली. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला. दहा वर्षांनी, १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेतही त्यांना याच अन्यायाचा उल्लेख करावा लागला.

याच्या नेमके उलट चित्र कठिन चीवरदानात दिसते. वर्षावास संपल्यावर, आश्विन पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत, हे दान होते. वर्षावासानंतर श्रावस्तीला आलेल्या तीस भिक्खूंची चीवरे वाटेतल्या पावसाने भिजून गेली होती. त्या प्रसंगातून ही अनुमती मिळाली. कठिन म्हणजे ज्यावर ताणून चीवर शिवीत ती चौकट. कठिनाचे चीवर त्याच दिवसात पूर्ण व्हावे लागते. बांगलादेशातील रांगामाटीच्या राजबन विहारात चकमा उपासिका कापसापासून सूत कातून, रंगवून, कमरेला बांधायच्या मागावर विणून चोवीस तासांत चीवर सिद्ध करतात. ही प्रथा विशाखा उपासिकेच्या नावाने सांगितली जाते. एकटीने हे होणे शक्य नाही. कोणी पिंजते, कोणी कातते, कोणी विणते, कोणी शिवते. येथे कोणाच्याही स्पर्शाने सूत विटाळत नाही. अनेक हातांच्या स्पर्शानेच ते दानयोग्य होते.

एका पालकांनी आम्हांस एकदा विचारले, “सर, मुलाला शिकायला पाठविले आहे, सूत कशाला कातायला लावता?” प्रश्न रास्त होता. आम्ही चरख्याकडे परत चला असे सांगत नाही. बाबासाहेब यंत्राचे विरोधक नव्हते. यंत्रामुळे माणसाला फुरसत आणि संस्कृती लाभावी, अशीच त्यांची भूमिका होती. आपल्या मुलांनी कोणत्याही कामाला जन्माने बांधले जाऊ नये, हे पहिले. परंतु ज्या कामाने आपल्या पूर्वजांची बोटे घडविली, त्या कामाची लाज त्यांना वाटू नये, हेही तितकेच महत्त्वाचे. काम हलके नसते. ते करणाऱ्याला हलका ठरविणारी व्यवस्था हलकी असते. वीतभर सूत कातताना हे जितके कळते, तितके आमच्या तासभराच्या व्याख्यानाने कळत नाही.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना एवढेच सांगावेसे वाटते. पुढल्या समारंभात आपल्या खांद्यावर शाल पडेल, तेव्हा क्षणभर तिचे सूत बोटांनी चाचपून पाहावे. शक्य असेल तेथे हातमागाची शाल घ्यावी, विणणाऱ्याचे नाव विचारावे आणि त्याच्या श्रमाचे मोल घासाघीस न करता द्यावे. सत्कार ज्याचा होतो त्याच्याइतकाच तो विणणाऱ्याचाही असतो.