आपण नेमके कोणाला हसतो?

मंडळी, विनोदी चित्रपट पाहून घरी आलो की ‘मजा आली बुवा’ एवढे म्हणून आपण मोकळे होतो. पण मजा नेमकी कशाची आली, हे घरातल्या चौघांना वेगवेगळे गाठून विचारा. उत्तरे चार निघतील. त्यातून चित्रपटात बायकांच्या हक्काची गोष्ट असेल, तर या उत्तरांत अधिकच अंतर पडते. असे का व्हावे, ते किरण राव यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘लापता लेडीज’ या हिंदी चित्रपटाच्या आधाराने पाहू. तो १ मार्च २०२४ रोजी प्रदर्शित झाला.

गोष्ट २००१ सालची, निर्मल प्रदेश नावाच्या कल्पित राज्यातली. लग्नसराईचे दिवस. आगगाडीच्या एकाच डब्यात नव्या नवऱ्या बसलेल्या, सगळ्यांच्या चेहऱ्यावर लाल घुंगट. रात्री घाईघाईने उतरताना दीपक नावाचा तरुण भलत्याच नवरीचा हात धरून तिला घरी आणतो. त्याची खरी बायको, फूल, पुढच्या कुठल्याशा स्टेशनावर अडकून पडते. घरी आलेली जया मात्र आपले नाव खोटेच सांगते. कारण तिला सासरी जायचेच नाही, सेंद्रिय शेतीचे शिक्षण घ्यायचे आहे.

आता एक प्रसंग घ्या. हरवलेल्या बायकोला शोधण्यासाठी दीपक तिचा फोटो दाखवतो, तर फोटोतही घुंगटच! येथे हशा पिकतो. पण एकाला दीपकच्या भाबडेपणाचे हसू येते. दुसरा त्या रूढीलाच हसतो. आणि जिने स्वतः अशी वर्षे काढली, तिला हसू येते तेही जरा कडवट असते. प्रसंग तोच, पण प्रत्येकाने त्यात आपापले घर पाहिलेले असते.

इंग्लंडात राहून काम केलेले अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ साली दूरचित्रवाणीसंबंधी असाच विचार मांडला. सांगणाऱ्याने जो अर्थ धाडला, तोच पाहणाऱ्याच्या पदरात पडेल असे नाही, असे त्यांचे म्हणणे. कोणी तो अर्थ मुकाट्याने स्वीकारतो, कोणी थोडा घेतो व थोडा सोडतो, तर कोणी उलटाच अर्थ लावतो.

या चित्रपटाच्या वाट्याला हे सारे आले. स्टेशनावर चहाची टपरी चालवणारी मंजू माई हे पात्र आपल्या छाया कदम यांनी रंगवले आहे. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’मुळे तुम्ही त्यांना ओळखताच. मारणाऱ्या नवऱ्याला दूर करून माई एकटी राहते. ‘चांगल्या घरची मुलगी’ ही शिकवण म्हणजे मुलींची फसवणूक आहे, असे ती फूलला ठणकावून सांगते आणि तिच्या हातावर पहिली कमाईही ठेवते. शेवटी फूल नवऱ्याकडे परतते, जया शिकायला जाते. मग कोणी म्हणाले, वा, बाईला वाट निवडता आली! कोणी म्हणाले, फूलच्या घरची रीत तर आहे तशीच राहिली. नवरा भला निघाला म्हणून निभावले.

ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हा चित्रपट न्यायमूर्तींसाठी दाखवला गेला. पुढच्याच महिन्यात ऑस्करसाठी भारतातर्फे त्याची निवड झाली. निवड समितीने त्या वेळी, भारतीय स्त्री म्हणजे आज्ञाधारकपणा आणि हुकमत यांचे अजब मिश्रण आहे, अशा आशयाचे विधान केले आणि त्यावर टीकेची झोड उठली. एका चित्रपटाची स्तुती करतानासुद्धा किती निराळे वाचन होऊ शकते, पाहा!

आणखी एक वाचन आपल्याला फार सोयीचे आहे. ‘हे सारे तिकडे उत्तरेत, आपल्याकडे कुठे आहे घुंगट?’ ठीक. पण फूल नवऱ्याचे नाव तोंडाने उच्चारत नाही, म्हणून तिचा पत्ता लागणे आणखी कठीण होते, हे आठवा. आपल्याकडेही नाव घेण्यासाठी उखाण्याची आडवाट काढावी लागली, ती कशामुळे? डोक्यावरचा पदर अजून किती घरांत थोरांसमोर चटकन सावरला जातो? विनोदाचा हाच धोका आहे. तो कडू औषध गोड करून देतो हे खरे, पण केवळ गोडी चाटून औषध तसेच ठेवण्याची मोकळीकही देतो.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. वरच्या वर्गात किंवा गावातल्या महिला मंडळात असा चित्रपट दाखवलात, तर ‘बोध काय?’ असे विचारू नका. पाठ केलेले उत्तर मिळेल. त्याऐवजी, कोठे हसू आले आणि कोणाला हसलात, ते विचारा. मुलांची व मुलींची उत्तरे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. जेथे फरक पडेल, तेथून चर्चा सुरू करा.

आणि घरी बसल्या बसल्या करता येईल असेही एक काम आहे. या चित्रपटात घरातल्या बायकांच्या आवडीच्या भाजीचा विषय निघतो. पुरुषांना आवडत नाही म्हणून ती भाजी रांधलीच जात नाही, आणि आपल्याला काय आवडत होते हेच बाई विसरून गेलेली असते. तेथेही लोक हसतात. आज जेवायला बसाल तेव्हा आईला, वहिनीला, बायकोला विचारून पाहा बरे: तुझ्या आवडीची भाजी कोणती, आणि ती शेवटची कधी झाली होती?