ईसीजी नॉर्मल, मग दम का लागतो?

"ईसीजी नॉर्मल आलाय, म्हणजे हृदयाचं काही नाही." जिना चढताना धाप लागणाऱ्या ज्येष्ठांच्या घरी हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता चीड येते. ईसीजी हृदयातली विजेची हालचाल टिपतो. झडप किती उघडते, ते त्याला दिसत नाही. अरुंद झडपेशी झुंजून हृदयाचा स्नायू जाड झाला असेल, तर त्याच्या खुणा ईसीजीत उमटू शकतात; उमटतीलच असं नाही.

हृदयातून महाधमनीत रक्त सोडणारी एऑर्टिक झडप निरोगी असताना ३ ते ४ चौरस सेंटिमीटर उघडते. वयानुसार तिच्यावर कॅल्शियम साचत जातं. ती वाट १ चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी उरली, की आजार तीव्र समजतात. स्टेथोस्कोपमधून ऐकू येणारी मर्मर (रक्तप्रवाहाचा जादा आवाज) ही पहिली सूचना, आणि टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, हे उत्तर. त्यातलं डॉप्लर रक्ताच्या झोताचा वेग मोजतं. सेकंदाला ४ मीटर किंवा अधिक म्हणजे झडप बरीच आकसली आहे. ना सुई, ना चिरा. तरीही लोक ईसीजीच्या कागदावर थांबतात!

"वय झालं, दम लागणारच," हे त्याच गैरसमजाचं भावंड. रॉस आणि ब्राउनवाल्ड या हृदयतज्ज्ञांनी १९६८ साली दाखवलं, की एऑर्टिक झडप आकसलेल्यांची शस्त्रक्रिया न झाल्यास छातीत दुखू लागल्यावर सरासरी सुमारे ५ वर्षं, भोवळ येऊन पडू लागल्यावर ३ आणि हृदय थकून धाप लागू लागल्यावर जेमतेम २ वर्षं हाती असतात. "मला काही त्रास नाही" म्हणणाऱ्या आजोबांना विचारा, मंडईत चालत जाणं कधी सोडलंत? माणूस नकळत हालचाल कमी करतो आणि त्रास झाकला जातो.

अँजिओग्राफी स्वच्छ? ती हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांची. झडपेचा निकाल एकोच देतो. दूध सोडून झडपेवरचं कॅल्शियम उतरत नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनीही आकसणं थांबत नाही, हे २००८च्या 'सीज' चाचणीत दिसलं. धाप लागत असताना "आधी ट्रेडमिलवर पळवून बघू" म्हणणं तर धोक्याचं. झडप तीव्र अरुंद असेल तर ती चाचणी टाळतात.

आणि झडप आकसणं हा फक्त म्हातारपणाचा आजार नव्हे. लहानपणी घशाच्या संसर्गानंतर आलेल्या संधिवाताच्या तापाने हृदयातली दुसरी एक झडप, मायट्रल, आकसू शकते, आणि कित्येक तरुणींना ते पहिल्या गरोदरपणात दम लागल्यावरच कळतं. तिथेही "पोटात बाळ आहे, दम लागणारच" म्हणून एको पुढे ढकलू नये.