हनुमंताचा निर्वेद

चैत्र शुद्ध पौर्णिमेस पहाटे कीर्तनास उभे राहावे, पूर्वरंग आटोपून जन्माचे आख्यान लावावे आणि सूर्यबिंब वर येताच जन्म करावा, हा आमच्या क्षेत्रातील मारुतीच्या देवळाचा परिपाठ. गुलाल उधळला जातो, सुंठवडा वाटला जातो, आणि समुद्रोल्लंघन, लंकादहन हे पराक्रम आठवीत मंडळी घरोघर परततात. परंतु याच महावीराचे मन खचल्याची एक रात्र वाल्मीकींनी सुंदरकांडात रंगविली आहे. तिचे निरूपण कीर्तनांतून क्वचितच होते.

शंभर योजने समुद्र ओलांडून मारुतिराय लंकेत आले. रावणाचे अंतःपुर त्यांनी धुंडाळले. सीतामाई दिसल्या नाहीत. तेव्हा आपले श्रम व्यर्थ गेले, आता कोणत्या तोंडाने परतावे, या विचाराने त्यांचे हातपाय गळाले. या मनःस्थितीस संस्कृतात निर्वेद म्हणतात. आळस निराळा. आळशाने आरंभच केलेला नसतो. निर्विण्ण मनुष्य पुष्कळ करून, फळ न दिसल्यामुळे बसलेला असतो. त्यास 'आळशी' म्हणून टोचणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हा भेद ध्यानी घ्यावा.

बाराव्या सर्गात मारुतिराय स्वतःस सावरतात. निर्वेद न होणे हेच वैभवाचे मूळ, असे ते मनाशी म्हणतात आणि पुन्हा शोधास लागतात. चार बोटे जागाही त्यांनी सोडली नाही, असे कवी सांगतो. सीता तरीही सापडल्या नाहीत! तेराव्या सर्गात निर्वेद दुप्पट वेगाने परत येतो. मी रिकाम्या हाताने गेलो तर श्रीराम प्राण सोडतील, मग लक्ष्मण, मग भरत-शत्रुघ्न, मग माता, मग सुग्रीव, अशी मरणांची माळच ते मनात ओवतात. खचलेले मन कसे तर्क करते याचे इतके अचूक चित्र आम्ही अन्यत्र वाचलेले नाही. शेवटी ते ठरवितात की परतायचेच नाही. वानप्रस्थ होऊन झाडाखाली राहावे, हाती पडेल ते खावे.

या ठिकाणी आम्हांस आमचीच गोष्ट सांगणे भाग आहे. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे महाराष्ट्रातील देवळे बंद झाली. नोव्हेंबरात पाडव्यास उघडली, पुढील वर्षी पुन्हा बंद झाली, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये घटस्थापनेस एकदाची उघडली. बोलावणी येऊ लागली, पण आमचे पाऊल उंबऱ्याबाहेर पडेना. झांजा खुंटीवर, पेटीवर धूळ. विचारणाऱ्यास आम्ही सांगत असू, "आता निवृत्तीचे वय झाले, वैराग्य आले." संस्कृत जाणणाऱ्यास सबबींचा तोटा नसतो. मम्मटाने निर्वेदास शांतरसाचा स्थायिभाव म्हटले आहे, हाही आधार आम्ही काढून ठेवला होता. एके सकाळी घरातून उत्तर आले, "अहो, वैराग्य आले म्हणता, मग वर्तमानपत्र उशिरा आले की चिडता कशाला?" झाडाखाली बसू पाहणारे मारुतिराय आम्हांस त्या दिवशी प्रथम समजले.

त्यांचा निर्वेद कशाने गेला? सर्वांच्या मरणाचा हिशेब करताकरता त्यांच्या दृष्टीस अशोकवन पडले. ते अजून पाहिलेले नव्हते. रामलक्ष्मणांस, सीतामाईस, देवांस नमस्कार करून ते तिकडे निघाले. उत्साह तोवर आला होता असे आम्हांस वाटत नाही. पाहायचे राहिलेले एक स्थळ मात्र समोर होते.

आम्हीही तेवढेच केले. कीर्तनाचा विचार बाजूस ठेवला आणि स्नानोत्तर सुंदरकांडातील एकच श्लोक मोठ्याने म्हणण्याचा नेम धरला. काही दिवस तोही चुकला. चुकल्या दिवसाचे प्रायश्चित्त म्हणून दुसऱ्या दिवशी दहा श्लोक म्हणण्याचा मोह आम्ही कटाक्षाने टाळला, कारण अशा वाढीव व्याजानेच नेम बुडतात. महिन्याभराने पेटी पुसली. एकदा संध्याकाळी शेजारची दोन मुले ऐकावयास येऊन बसली, तेव्हा गोष्ट आपोआप सुरू झाली.

एक गोष्ट मात्र गृहस्थांनी विसरू नये. योगसूत्रांत चित्ताचे नऊ अंतराय सांगितले आहेत. त्यांत स्त्यान म्हणजे मनाची अकर्मण्यता आणि आळस हे स्वतंत्र मोजले आहेत; पण पहिले नाव व्याधीचे आहे. घरातील कोणाची झोप, अन्न, बोलणे आठवडेच्या आठवडे तुटले असेल, जगणे नकोसे झाल्याचे शब्द तोंडी येत असतील, तर पोथी हाती देण्यापूर्वी त्यास वैद्याकडे न्यावे. त्यात लाज कसली?

एप्रिल २०२२ च्या हनुमान जयंतीस आम्ही पुन्हा उभे राहिलो. आवाज पहिल्यासारखा लागला नाही, दोन ठिकाणी आख्यान विसरलो. तबलजींनी सांभाळून घेतले. यंदा आख्यानास तेरावा सर्गच घेतला आहे. कीर्तन पहाटे साडेचारास सुरू होईल.