पीटीच्या बाई व्हायचंय?

मुरबाडहून एसटीने, आसनगावहून लोकलने कल्याण-डोंबिवलीच्या कॉलेजात जाणाऱ्या कितीतरी लेकी कबड्डी, खो-खो खेळतात. ‘खेळून पोट भरतं का?’ असं आपणच त्यांना विचारतो. माध्यमिक शाळेत पीटीच्या बाई होण्याची नेहमीची वाट म्हणजे बी.पी.एड. पदवीनंतरचा हा अभ्यासक्रम २ वर्षांचा. प्रवेश राज्याच्या सीईटी सेलमार्फत होतो. संगणकावर परीक्षा, शिवाय मैदानी चाचणी.

घोडं अडतं ते कागदांपाशी. कुठल्याही शाखेची पदवी चालते, पण साधारणपणे ५० टक्के गुण आणि शालेय, जिल्हा किंवा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत खेळल्याचं प्रमाणपत्र लागतं. राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेत खेळलेलीला ४५ टक्केही पुरतात. राखीव प्रवर्गाला गुणांत सवलत आहे. आणि आपण काय करतो? दहावीची गुणपत्रिका पेटीत जपतो, खेळाचा कागद मात्र फडताळावर उंदरांना! तो आजच शोधा, गुणपत्रिकेशेजारी ठेवा. कॉलेजात पहिल्याच वर्षी लेकीला जिमखान्यात नाव घालायला सांगा, स्पर्धेला पाठवा. मैदानी चाचणीचा सराव शेवटच्या महिन्यात उरकत नाही. पहाटे धावायला निघाली तर पाण्याची खेप त्या दिवशी आपण आणू.