लॉटरीत ‘पाळी’ येत नाही

सोलापुरात लॉटरीच्या टपरीवर एक वाक्य हमखास ऐकू येतं : “इतकी वर्षं तिकीट काढतोय, आता लागायलाच हवी.” हा समज बहुधा भिशीवरून (दर महिन्याला सगळ्यांनी पैसे जमवून चिठ्ठी निघेल त्याला ती रक्कम देण्याची पद्धत) आला असावा. भिशीत एकदा चिठ्ठी निघाली की ते नाव बाद होतं. म्हणून उरलेल्यांची आशा दर महिन्याला वाढते आणि शेवटी प्रत्येकाला रक्कम मिळतेच. लॉटरीची प्रत्येक सोडत (विजेता क्रमांक काढण्याची प्रक्रिया) मात्र नव्याने सुरू होते. वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक आणि आज पहिल्यांदा आलेला माणूस, दोघांच्या एकेका तिकिटाला संधी अगदी सारखीच.

दुसरा फरक पैशांचा. भिशीत जमलेली सगळी रक्कम सभासदांकडे परत येते. सरकारी लॉटरीत बक्षिसं, विक्रेत्यांचं कमिशन, छपाई आणि जीएसटी यांवर खर्च होऊन उरलेला पैसा सरकारचा. म्हणजे सगळे तिकीटधारक मिळून कायम तोट्यातच असतात.

महाराष्ट्र राज्य लॉटरी 1969 मध्ये सुरू झाली. मटक्याकडे (आकड्यांवरच्या बेकायदा जुगाराकडे) जाणाऱ्यांना कायदेशीर पर्याय मिळावा, हा त्यामागचा एक हेतू. 1998 च्या केंद्रीय कायद्यानुसार विक्रीची रक्कम राज्याच्या लोकलेख्यात (सरकारी तिजोरीतील एका खात्यात) भरावी लागते, एका आकड्यावर बक्षीस ठेवता येत नाही आणि मुदतीत कोणी न नेलेलं बक्षीस सरकारजमा होतं. म्हणून निकाल वेळेत पाहा आणि तोपर्यंत तिकीट नीट जपा. फाटक्या तिकिटावर बक्षीस मिळवणं अवघड जातं.