फोटोच्या मागे नांव लिहा



आमच्या ग्रंथपालबाई आता आपल्यात नाहीत. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच काम धरले, आपल्या बेने इस्राएल घराण्यांचा माग काढायचे. लग्नाचा केतुबा, कबरीवरचा मराठी मजकूर, जुना फोटो, काहीही मिळाले की वहीत नोंद.

बालमित्रांनो, आपल्या आडनांवांत कोकणातली गांवे आहेत. पेणकर पेणचे, केहिमकर किहीमचे, नवगांवकर नवगांवचे. पण बाई म्हणत, "आडनांवावरून आजोबांचे गांव कळते, आजीचे माहेर कुठे कळते? ते विचारावेच लागते."

हाईम सॅम्युएल केहिमकरांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला. तो तेल अवीवला छापून निघाला १९३७ साली. बाई सांगत, "कागद ४० वर्षे थांबला. माणूस थांबत नाही हो."

ते आम्हाला उशिरा पटले. आमच्या घरच्या एका लग्नाच्या फोटोत ११ माणसे. आम्हाला नांवे आठवली फक्त ४. बाकीची ज्यांना ठाऊक होती त्या मावशी नुकत्याच गेल्या होत्या. बाई रागावल्या नाहीत. हातात मऊ पेन्सिल दिली नि म्हणाल्या, "निदान ही ४ तरी मागे लिहा. पेनने नको, शाई पुढे उमटते."

तेव्हा मुलांनो, या शब्बाथला आजीजवळ बसून नांवे विचारा, आणि शब्बाथ सुटला की लिहा. मराठीत आजी लिहील, खाली हिब्रूत तुम्ही.

बाईंना हीच आमची आदरांजली.